वाघरीचा दुसरा हात

आईच्या कमरेला कायम काळ्या लोकरीची एक दोरी खोचलेली असायची. दोन्ही हात पसरले की ताणली जाईल एवढी, टोकं एकमेकांना बांधून तिचं कडं केलेलं. वडील मेंढरांमागे चालता चालता चातीवर लोकर कातायचे, त्यातलीच ती. दुपारी मेंढरं बाभळीखाली एकमेकांच्या सावलीत माना घालून उभी राहिली की आई दोरी काढायची आणि दहा बोटांत अडकवून आम्हा दोघा भावंडांना एकेक वस्तू करून दाखवायची. खाट व्हायची, चूल व्हायची, कोंबडीचा पाय व्हायचा. मच्छर असायचा. तो दोन्ही हातांच्या मधोमध गाठीसारखा बसलेला दिसायचा. आई टाळी वाजवून हात फाकवायची आणि दोरी मोकळी. "गेला जालन्याला," ती म्हणायची.

सगळ्यात अवघड वाघर. रानात मुक्काम पडला की मेंढरांभोवती जे जाळीचं कुंपण उभं करतात, ती वाघर. आईच्या हातांत तिची चार घरं एका ओळीत उभी राहायची आणि ती हात जवळ-लांब करून ती घरं लहान-मोठी करायची. मी तिला म्हणायचे, मला शिकव. ती म्हणायची, पुढच्या सुट्टीत.

पुढच्या सुट्टीत म्हणायची, कारण मी आश्रमशाळेत होते. पाचवीला वडिलांनी मला तिथं नेऊन सोडलं. भाऊ धाकटा, तो घरी राहिला. मी सुट्टीला यायचे तेव्हा कधी कापूस वेचायला आलेला असायचा, कधी लोकर कातरायची असायची. पुढे वडिलांनी मेंढरं विकली आणि ते पूर्णवेळ शेतीला लागले. आईची दोरी मात्र तिच्या कमरेलाच राहिली. एका सुट्टीत मी तिच्याकडे हट्टच धरला. तिनं चार-पाच वेळा करून दाखवलं. मला पुढे पुढे जायची घाई. बोटं गुंतली, दोरीचा नुसता गुंता झाला आणि मी रडायला लागले. आईनं दोरी सोडवून परत कमरेला खोचली आणि वडिलांना म्हणाली, "हिच्या हातात पेनच बरा हाय."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

मी शिक्षिका झाले. लग्न होऊन अंबडला आले आणि नोकरीही तिथंच मिळाली. भावाचं लग्न हसनाबादकडच्या मुलीशी झालं. शेतकरी घरातली, आठवीपर्यंत शिकलेली. मेंढरांशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. पहिल्या वर्षी ती मला विचारून भाजीत मीठ टाकायची, आणि मला ते आवडायचं. मग हळूहळू विचारायची थांबली. आईचे फोन कमी झाले. आधी आई मला तिच्या गुडघ्याचं सांगायची, शेळीचं सांगायची, गावात कोण कोणाशी भांडलं ते सांगायची. आता फोन केला तर म्हणायची, बरं हाय सगळं, सून हाय ना. मी रविवारी जायचे तर तिच्या अंगावर नवं लुगडं, भावजयीनं पसंत केलेलं. मी नेलेलं पेटीत घडी न मोडता पडलेलं. परतीच्या वाटेवर मी सगळं पुन्हा पुन्हा उगाळायचे.

तीन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. मी वर्गात भागाकार शिकवत होते, भावाचा फोन आला आणि तशीच जालन्याच्या दवाखान्यात पोचले. डावा हात आणि डावा पाय गेला होता. बोलणंही गेलं. नंतर थोडं परत आलं, पण दहा-बारा शब्दांच्या पुढे नाही. पाणी, हां, न्हाई, आणि बाकी जगातल्या सगळ्या गोष्टींना एकच शब्द, 'ते'. मी आठ दिवस रजा काढून दवाखान्यात राहिले. मग परीक्षा आल्या. भावजय पूर्ण पंधरा दिवस राहिली, तिची लेक तेव्हा बालवाडीतून नुकतीच पहिलीत गेली होती, तरी. सगळे नातेवाईक तिचं नाव घेत होते. कोणी मला विचारलं नाही की तू का गेलीस, पण ती किती करते हे मला आवर्जून सांगत होते.

गेल्या थंडीत जालन्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला पुण्याकडच्या एक बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी जेवणानंतर, सगळे पेंगायला लागल्यावर, त्यांनी पिशवीतून दोरीची कडी काढून वाटली आणि पडद्यावर चित्रं लावली. सगळी चित्रं हातांची आणि दोऱ्यांची. समुद्रातल्या बेटांवरच्या बाया, आफ्रिकेतली मुलं, बर्फाच्या मुलखातला एक म्हातारा. बाई सांगत होत्या की ज्या माणसांनी एकमेकांचं तोंडही कधी पाहिलं नाही, ती एकाच पद्धतीनं दोरी बोटांत घेतात. बर्फाच्या मुलखात थंडी सुरू होताना हा खेळ खेळतात, सूर्य दोरीत अडकावा आणि लवकर बुडू नये म्हणून. अमेरिकेतले काही मूळचे लोक तर फक्त हिवाळ्यातच दोरी हातात घेतात. हा खेळ कोळ्यानं शिकवला असं ते मानतात, आणि हिवाळ्यात कोळी झोपलेला असतो. भूमितीचा तास असा घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी अर्धवट ऐकत होते. मग पडद्यावर वाघर आली.

चार घरं, एका ओळीत. कुठल्यातरी बेटावरच्या बाईच्या काळ्या हातांत. खाली लिहिलं होतं की हिला कुठे शिडी म्हणतात, कुठे मासे धरायचं जाळं. मी न विचारता उभी राहिले आणि म्हणाले, ही वाघर आहे, आमच्याकडे मेंढरांसाठी लावतात ती. सगळं सभागृह जागं झालं. बाईंनी मला पुढे बोलावलं. मी कोंबडीचा पाय केला. मच्छर करून उडवला. टाळ्या वाजल्या. बाईंचा चेहरा असा खुलला होता की मला आयुष्यात पहिल्यांदा मेंढरामागं गेलेल्या लहानपणाचा अभिमान वाटला.

"आता वाघर करा," त्या म्हणाल्या.

मला येत नव्हती. मी दोन-तीनदा बोटं घातली आणि म्हणाले, सवय मोडलीय. आईनं शिकवली होती मला, आता हात विसरलेत. बाई म्हणाल्या, मग आईंचा व्हिडिओ करून पाठवाल का? आईचा एक हात गेलाय, हे सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण सगळे ऐकत होते. मी हो म्हणून टाकलं. मनात म्हटलं, आईला धरून बसू, एका हातानं ती दाखवेल, दुसरीकडून मी करीन. तेवढ्यात आपणही शिकू.

त्या रविवारी मी गावी गेले. दुपारची वेळ होती. भाऊ शेतात, भाची खेळायला गेलेली. दार उघडंच होतं. मी चपला काढत होते आणि आतून हसण्याचा आवाज आला. झटका आल्यापासून आईला हसताना मी ऐकलं नव्हतं, म्हणून आधी कळेचना कोण हसतंय.

आई बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. भावजय तिच्या डाव्या अंगाला चिकटून बसली होती. उजवा हात तिनं आईच्या पाठीमागून कमरेला घातला होता आणि डावा हात पुढे काढला होता, आईचा डावा हात जिथे असायला हवा तिथे. दोघींच्या त्या दोन हातांत काळी दोरी होती. आईचा अंगठा सगळ्या दोऱ्यांखालून जाऊन पलीकडची दोरी ओढून आणायचा, आणि भावजयीचा अंगठा त्याच क्षणी तसाच जायचा. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. अंगठ्यावर दोन दोऱ्या आल्या की खालची उचलून बोटावरून काढावी लागते. ती आई वाकून दातानं काढत होती, आधी आपल्या अंगठ्यावरची, मग तशीच भावजयीच्या अंगठ्यावरची. भावजयीला गुदगुल्या झाल्या. त्यालाच आई हसली होती, अर्ध्या तोंडानं. मग दोघींनी करंगळ्या सोडल्या, तळहात बाहेर फिरवले, आणि वाघर उभी राहिली. चारही घरं सारखी.

मी दारात पिशवी धरून उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वाटलं, हिनं माझ्या आईचा हात चोरलाय.

भावजयीनं मला पाहिलं आणि संकोचून उठायला लागली. मी म्हणाले, मला करू दे. तिनं लगेच जागा दिली आणि चहा ठेवायला आत गेली. मी आईच्या डाव्या बाजूला तशीच बसले, तसाच हात कमरेला घातला. आईनं दोरी माझ्या बोटांत दिली. तिचा अंगठा खाली गेला, माझा वर राहिला. दोरी सैल पडली. तिनं परत केलं. मी तिच्या हाताकडे बघून आपला हात हलवायचे, त्यामुळे कायम एक पाऊल मागे. तिसऱ्यांदा गुंता झाल्यावर आईनं हात खाली ठेवला आणि हनुवटीनं चुलीकडे खूण केली.

"ते," ती म्हणाली.

म्हणजे तिला बोलाव.

पुढे मी जे केलं ते लिहायला मला जड जातंय. मी भावजयीला बोलावलं, दोघींना परत बसवलं आणि मोबाइल असा धरला की फक्त हात दिसतील. भावजयीच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मी म्हणाले, त्या आवाज करतात, काढून ठेव. ती म्हणाली, रिकामा हात कसा ठेवू? मी माझ्या हातातल्या दोन पाटल्या काढून तिला दिल्या. त्या रोज माझ्या हातात असतात, सगळी शाळा ओळखते. तिनं बांगड्या काढून पाटल्या चढवल्या. तिला वाटलं मी प्रेमानं देते आहे. आरशात बघावं तसं तिनं हात फिरवून पाहिलं.

व्हिडिओ झाल्यावर मी पाटल्या परत घेतल्या.

त्या संध्याकाळी मी तो प्रशिक्षणाच्या गटावर टाकला. खाली लिहिलं, माझ्या आईच्या हातची वाघर. शंभरेक लोकांनी अंगठे दाखवले, हात जोडले. माझ्याच शाळेतल्या एका मॅडमनं विचारलं, दुसरा हात तुमचा ना? पाटल्या ओळखल्या मी. मी हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. मग लिहिलं, हो.

दोन-तीन दिवस मी हवेत होते. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, आपल्या बाईंनी जालन्यात शाळेचं नाव काढलं. माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत दोऱ्या घेऊन आल्या. मी त्यांना कोंबडीचा पाय शिकवला आणि वाघरीचं विचारलं तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात. रोज शाळा सुटल्यावर मी तो व्हिडिओ लावून दोरी घेऊन बसायचे. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघायचे. दोन वेगवेगळ्या बायांचे हात एकाच माणसाचे असल्यासारखे चालत होते, ते बघता बघता माझी बोटं थांबून जायची.

चौथ्या दिवशी भावजयीचा फोन आला. ती मला कधी फोन करत नाही, भावाच्या हातून निरोप देते. म्हणून मी घाबरूनच उचलला.

"आईला काय झालं?"

"आई बऱ्या हायेत," ती म्हणाली. "वन्सं, पोरीला शाळेत खोटी म्हणले. गुरुजीबी तुमच्या गटात हायेत, त्यांनी तुमचा व्हिडिओ दाखवला वर्गात. ही उठली अन् म्हणली, ही माझी आई हाय. माझ्या बोटावरचा इळ्याचा वण वळखला तिनं. गुरुजी म्हणले, न्हाई बाळा, ह्या अंबडच्या बाई. तिनं ऐकलं न्हाई. मंग पोरं हसले. कालपासून शाळेत जाईना गेली. तेवढं गुरुजींला सांगता का?"

माझ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. पाटल्यांचं नाही, हो म्हणाल्याचं नाही. ते तिला कळलं होतं की नाही, हेही मला आजवर माहीत नाही. मी सांगते म्हणाले.

आणि दोन दिवस सांगितलं नाही. मला तिचाच राग येत होता. एवढंसं बोटावरच्या वणाचं! पोरीला समजावता येत नव्हतं का? तिच्याकडे आई आहे, माझ्याकडे एक व्हिडिओ होता, तोही तिला बघवला नाही, असं मी स्वतःशी म्हणत होते. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना माझ्या वर्गातली एक मुलगी सलग गैरहजर दिसली. मी सवयीनं बाकीच्यांना विचारलं, का येत नाही ती? तोंडातून प्रश्न गेला आणि मला माझी भाची दिसली, दप्तर न उचलता घरात बसलेली. मी मुलांना पाढे लिहायला लावले, व्हरांड्यात गेले आणि गावच्या गुरुजींना फोन केला. सांगितलं की हात तिच्या आईचाच आहे, मी गटावर चुकीचं लिहिलं. गुरुजी भला माणूस. म्हणाले, उद्या वर्गासमोर मीच तिची माफी मागतो. माझ्याऐवजी ते माफी मागणार होते.

मग प्रशिक्षणाच्या बाईंना फोन केला, कारण त्यांचा निरोप येऊन पडला होता. जालन्यात बालमेळावा होता, तिथे मी वाघर करून दाखवावी अशी त्यांची इच्छा होती. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, भावजयींना आणता येईल का? शेवटी मी गटावर लिहिलं, त्या व्हिडिओतला दुसरा हात माझा नाही, माझ्या भावजयीचा आहे. आता कोण काय म्हणेल म्हणून मी जेवले नाही. तीन जणांनी अंगठा दाखवला. त्यानंतर कोणीतरी निवडणुकीच्या ड्युटीचं परिपत्रक टाकलं आणि सगळे त्यावर बोलायला लागले.

रविवारी मी गावी गेले. भावजय अंगणात तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि मेळाव्याचं विचारलं.

"मला काय दाखवायचंय तिथं?" ती म्हणाली. "मी आईपुरतं शिकले."

मी विचारलं, कसं शिकलीस? आईला तर बोलताही येत नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता, आई तो फेकून द्यायची. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा आंघोळ घालताना तिनं उजव्या हातानं कमरेला चाचपलं, दोरी नव्हती. दवाखान्यात काढून ठेवली होती. भावजयीनं शोधून दिली. आईनं ती चांगल्या हातात अडकवली आणि दुसरा हात उचलायला गेली, तो उचलेना. तेव्हा ती ढसाढसा रडली. भावजय तिथंच ओल्या अंगानं बसलेल्या आईच्या बाजूला बसली आणि आपला हात पुढे केला.

"सहा महिने लागले. चुकलं की आई चिमटा काढायच्या. इथं बघा, अजून डाग हायेत," ती हसून म्हणाली आणि दंड दाखवला.

मला त्या चिमट्यांचाही हेवा वाटला.

मी तो लपवू शकले नाही. म्हणाले, मला तिनं कधी पुरतं शिकवलं नाही. मी मागायचे, तरी नाही. तुला मात्र बोलता येत नसताना शिकवलं. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला वाटली होती ती दया नव्हती.

"वन्सं, तुम्ही येणार म्हणलं की आई दोन दिस आधीपासून दाराकडं बघून राह्यतात," ती म्हणाली. "लुगडं बदला म्हणून खूण करतात. माझी लेक आजारी होती तवाबी हेच. मी चोवीस तास इथं हाय. माझ्याकडं कवा बघितलं असं? दोरी हातात असली तरच मी त्यांना दिसते. मंग मी दोरी शिकणार न्हाई तर काय करणार?"

ती परत पाखडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, लेकीला बी घेऊन येते, तिला जमते आता. तिच्या शाळेतल्या पोरांसमोर करायचं असलं तर येते.

मेळावा झाला. गुरुजी वर्ग घेऊन आले होते. मंचावर भावजय आणि माझी भाची शेजारी शेजारी बसल्या, एकीचा डावा हात, दुसरीचा उजवा. भावजयीनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि हातात तिच्याच काचेच्या बांगड्या होत्या. आधी खाट, मग चूल, मग मच्छर. भाची मोठ्यानं म्हणाली, गेला जालन्याला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण जालन्यातच आहोत. सगळे हसले. वाघर झाली तेव्हा प्रशिक्षणाच्या बाई उठून जवळ गेल्या, चष्मा वर करून बघत राहिल्या आणि त्यांनी भावजयीला मिठी मारली. मला त्यांनी कधी मिठी मारली नव्हती. मी तिसऱ्या रांगेत भावजयीची पर्स आणि पाण्याची बाटली मांडीवर धरून बसले होते. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्यांनी थांबवल्या तरी वाजवत राहिले, कारण थांबले असते तर माझं तोंड दिसलं असतं.

त्यानंतर मी दर रविवारी गावी जाऊन शिकायला लागले. भावजय शिकवते. आई बघते. भावजय चांगली शिकवते, हेही मला सहन व्हायला वेळ लागला. ती बोटाला हात लावत नाही. चुकलं की पहिल्यापासून करायला लावते. वर्गात मी मुलांच्या हातातली पेन्सिल किती वेळा हिसकावून घेते, ते मला तिच्यामुळे दिसलं.

उन्हाळ्यात भावजय एका लग्नाला चार दिवस माहेरी गेली. मी सुट्टीत होते, आईपाशी राहायला आले. पहिले दोन दिवस आईनं दोरीचं नाव काढलं नाही. जेवली, औषधं घेतली, दाराकडे बघत पडली. मी समोर बसलेली असताना दाराकडे बघत होती, म्हणजे आता वाट दुसऱ्या कोणाची होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं स्वतःहून दोरी काढली आणि बाजेवर डावीकडे थोपटलं. मी बसले. या वेळी मी तिच्या हाताकडे बघितलं नाही. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याकडे बघत राहिले. अंगठा खाली गेला, पलीकडची दोरी आली. आईनं वाकून आधी आपल्या अंगठ्यावरची दोरी दातानं काढली, मग माझ्या. तिचे ओठ माझ्या बोटाला लागले. आम्ही तळहात फिरवले.

तीन घरं उघडली. माझ्याकडचं चौथं मिटलेलंच राहिलं.

आई बराच वेळ त्या तीन घरांकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "ते?"

मी म्हणाले, "उद्या येईल ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय आली. मी तिला गोळ्यांचा हिशोब सांगितला, आईच्या पाया पडले आणि स्टँडवर गेले. अंबडची गाडी अर्धी भरलेली होती, खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटली आणि तिचा फोन आला. आई सकाळी किती जेवल्या ते विचारायचं राहिलं होतं. मी सांगितलं. मग मीच म्हणाले, काल वाघर केली, पण एक घर उघडलं नाही.

"करंगळी आधी सोडली असंल," ती म्हणाली. "आधी दुसरं बोट अंगठ्यापाशीच्या तिकोनात घाला, मंग करंगळी. अन् दोरी ताणून धरू नका, आईकडून ताण येऊ द्या."

पिशवी मांडीवर घेऊन मी एका हातानं फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं ती सांगेल तशी हलवायला लागले. शेजारची बाई माझ्या रिकाम्या हाताकडे बघत होती. भावजयीच्या बोलण्यातला शांतपणा मला तेव्हाही टोचत होता. मी तिला म्हणाले, परत एकदा सांग, हळू.